कपडा अंगावर घालून बघताना नेमकं काय बघायचं?

प्रश्न पलूसकडच्या एका मुलीचा आहे. थोडक्यात असा: पहिली नोकरी लागली आहे, रोज एसटीने सांगलीला जाऊन-येऊन करायचंय, त्यासाठी चार-पाच जोड कपडे घ्यायचेत. दुकानात ट्रायल घ्यायला संकोच वाटतो. सेल्समन "ताई, डोळे झाकून न्या, बसतंय" म्हणतो आणि घरी आल्यावर काहीतरी चुकलेलंच असतं. ट्रायल रूममध्ये कॅमेऱ्याची भीती वाटते. शिवाय पहिल्या पगारातून वडिलांना शर्ट-पँट घ्यायची आहे, पण ते ट्रायल रूममध्ये पाऊल टाकायला तयार नाहीत, "माझं माप बेचाळीस" एवढंच सांगतात. "ट्रायल नाही, बदली नाही" अशी पाटी असलेल्या दुकानाचं काय, हेही तिने विचारलंय. तर घालून बघणं खरंच इतकं गरजेचं आहे का, आणि बघायचं तर काय?

मी बरीच वर्षं सांगलीत कापड पेठेतल्या एका रेडिमेडच्या दुकानात लेडीज काउंटर सांभाळला. आता माझं स्वतःचं शिवणाचं आणि आल्टरेशनचं दुकान आहे. न घालता घेतलेले कपडे शेवटी आमच्याच टेबलावर येतात. त्यातले अर्धेअधिक नीट करता येतात, पण काही कपडे हातात घेतल्या घेतल्या कळतं की यांचं आता काहीच होणार नाही. ट्रायल घ्यायची ती हे दुसऱ्या प्रकारचे कपडे दुकानातच राहावेत म्हणून. रंग शोभतो का, डिझाईन कसं दिसतं हे ट्रायल रूममध्ये न जाताही बरंचसं समजतं.

आधी मापाच्या आकड्याबद्दल, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. तुमच्या वडिलांचं 'बेचाळीस' हे बहुतेक शिंप्याने घेतलेलं छातीचं इंचातलं माप असणार. कंपनीच्या फॉर्मल शर्टवर ३९, ४०, ४२, ४४ असे जे आकडे असतात ते बहुधा कॉलरचे, सेंटीमीटरमधले असतात. ४२ सेंटीमीटर म्हणजे साडेसोळा इंच गळा. एकाच आकड्याचे दोन अर्थ, आणि काउंटरवर कोणी ते उलगडून सांगत नाही. पँटचंही तसंच. लेबलवर ३२ असतं आणि कंबरेला टेप लावली की ३४ भरते, असं अनेकदा होतं. गिऱ्हाईकाला आपण अजून बारीकच आहोत असं वाटावं म्हणून आकडा कमी लिहायची पद्धत जगभर आहे. कुर्त्यांचं तर विचारूच नका. एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीच्या एक्सएलपेक्षा मोठा निघतो.

यामागे कारण आहे. आपल्याकडच्या कंपन्यांनी साईजचे तक्ते वर्षानुवर्षं बाहेरदेशांच्या तक्त्यांवरून, थोडेफार बदल करून वापरले. आपल्या लोकांची शरीरं मोजून देशाचा स्वतःचा तक्ता तयार व्हावा म्हणून निफ्ट या फॅशनचं शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेने 'इंडियासाईज' नावाचा प्रकल्प हाती घेतला. मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरू आणि शिलाँग ही सहा शहरं आणि १५ ते ६५ वयाच्या सुमारे २५,००० लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं, असा तो बेत. पण दुकानात लटकणारा कपडा आजही ज्याच्या त्याच्या तक्त्यावर कापलेला असतो. तुमच्या उपयोगाची एक गोष्ट मात्र झाली आहे. २०२२ साली वजनमापाच्या नियमांत जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यावर एस, एम, एल या अक्षरांबरोबर सेंटीमीटर किंवा मीटरमध्ये माप लिहिणं बंधनकारक आहे. टॅग उलटून तो आकडा वाचायची सवय लावा. काही कंपन्या तिथे अंगाचं माप लिहितात, काही कपड्याचं. म्हणून नुसता आकडा न बघता त्याच्या शेजारी काय छापलंय तेही बघा.

आता मूळ मुद्दा. कपड्यात दुरुस्त होणाऱ्या जागा असतात आणि न होणाऱ्या असतात. ट्रायल रूममध्ये शिरल्यावर आधी न होणाऱ्या जागा तपासायच्या. त्या तीनच आहेत: खांदा, मुंढा (काखेभोवती बाही जोडतात ती जागा) आणि आसन (पँट-सलवारचा दोन पायांच्या मधला, बसताना ताणला जाणारा भाग).

खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. बोटाने हाड चाचपा आणि शिलाई कुठे आहे ते आरशात बघा. अर्धा इंच बाहेर असेल तर चालून जातं. शिलाई आत, गळ्याकडे असेल तर कपडा ठेवून द्या, कारण तिथे वाढवायला कापडच नसतं. फार बाहेर असेल तर आम्ही बाही उसवून, खांदा कापून, बाही पुन्हा लावू शकतो. पण मुंढ्याचा आकार बदलला की बाही जुळवावी लागते, बाही जुळवली की तिची उंची बदलते, आणि मजुरी इतकी होते की कुर्ती स्वस्तात मिळाल्याचा आनंद तिथेच संपतो. अलीकडे मुद्दाम खांदा उतरवलेल्या ढगळ टॉपची फॅशन आहे, त्यांना हा नियम लावू नका. नोकरीला घालायच्या कुर्तीला मात्र नक्की लावा.

मुंढ्याबद्दल लोकांची समजूत उलटी आहे. बाही काखेत काचते म्हटलं की बायका म्हणतात, "मुंढा जरा खाली करून द्या." मुंढा जितका खाली जातो तितका हात वर करताना सगळा कपडा वर ओढला जातो. काखेच्या जवळ, पण न काचणारा मुंढाच चांगला. त्यात हात मोकळा हलतो आणि कुर्ती जागची हलत नाही. दुकानात हे ओळखायचं कसं? दोन्ही हात डोक्यावर न्या. कुर्तीचा खालचा काठ दोन-तीन इंच वर गेला तर ठीक. वीतभर वर गेला आणि हात खाली आणल्यावर कपडा आपोआप जागेवर आला नाही, तर तो तुमचा नाही. आणि आरशासमोर सरळ उभं राहिल्यावर काखेपासून छातीकडे आडव्या-तिरक्या सुरकुत्या येत असतील तर छातीला किंवा मुंढ्याला तो कमीच आहे.

तुमच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण तुम्ही रोज एसटीत उभ्या राहणार. सकाळच्या गाडीला बसायला जागा मिळेलच असं नाही. विट्याच्या एका मुलीने कॉटन सिल्कची सुंदर कुर्ती माझ्याकडे आणली होती, डाव्या मुंढ्याच्या मागच्या बाजूला फाटलेली. शिलाई शाबूत होती, शिलाईच्या कडेचं कापड विरून गेलं होतं. रोज डावा हात वरच्या दांडीला आणि उजव्या खांद्यावर पर्स, त्यामुळे ताण सगळा त्या एका जागी. मी आतून पट्टी लावून दिली, पण दोन महिन्यांत पट्टीच्या कडेने पुन्हा फाटली. मुंढा तिला अर्ध्या इंचाने लहान होता एवढंच. दुकानात एकदा हात वर केला असता तर तिथेच समजलं असतं.

तिसरी जागा आसन. पँट, जीन्स, सलवार, कशाचंही. समोरून मांड्यांच्या जोडाशी आडव्या रेषा फुटल्या तर आसन कमी आहे. मागे सीटखाली कापड गोळा होऊन लोंबत असेल तर आसन जास्त आहे किंवा सीट मोठी आहे. जास्त असेल तर थोडंफार कमी करता येतं. कमी असेल तर जीन्सला काहीच करता येत नाही, कारण जीन्सच्या शिलाया दोन्ही बाजूंनी दुमडून पक्क्या केलेल्या असतात, आत सोडायला काही शिल्लक नसतं. फॉर्मल पँटला मागच्या मधल्या शिलाईत कापड असतं. तिथे कंबर इंच-दीड इंच सैल करता येते.

या शिलकी कापडाला आम्ही माया म्हणतो. कपडा घालायच्या आधी तो उलटा करून माया बघा. कुर्तीची बाजूची शिलाई दोन बोटांत धरा. शिलाईच्या पलीकडे अर्धा-पाऊण इंच कापड असेल तर पुढे अंग थोडं भरलं तरी ती कुर्ती सोडवता येईल. ओव्हरलॉक, म्हणजे कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मारलेली टीप, शिलाईला लागूनच असेल तर माया कापून टाकलेली आहे. आज जशी बसते तशीच ती कायम राहणार, एका सुतानेही वाढणार नाही. शिलाई केलेल्या ब्लाऊजला आम्ही इंचभर माया ठेवतो, कारण तो दहा वर्षं वापरायचा असतो. रेडिमेडमध्ये कापड वाचवणं हाच नफा असतो, त्यामुळे माया सापडली तर ती जमेची बाजू समजा.

दुरुस्त होणाऱ्या जागांची काळजी करू नका. उंची कमी करणं, बाही लहान करणं, बाजूने आत घेणं, पँटची कंबर इंच-दीड इंच कमी करणं, बॉटम निमुळतं करणं ही सगळी रोजची कामं आहेत. कंबर दोन इंचांहून जास्त कमी केली तर मागचे खिसे एकमेकांना भिडायला लागतात आणि पँट विचित्र दिसते, एवढं लक्षात ठेवा.

म्हणजे दोन मापांमध्ये अडकलात तर खांदा आणि आसन ज्या मापाला बसतं ते घ्या, बाकीचं आल्टर करा. "कंबरेला एम बसतो पण खांद्याला एल लागतो" असं असेल तर एल.

आता अंगावर कपडा असताना काय करायचं ते. ट्रायल रूममध्ये लोक ताठ उभे राहतात, पोट आत घेतात, एकदा वळून बघतात आणि बाहेर येतात. दिवसभर असं कोणी उभं राहत नाही. तुम्ही तुमच्या दिवसातल्या हालचाली तिथे करून बघा. हात वर करून दांडी धरल्यासारखं. खाली वाकून चपलेचा पट्टा लावल्यासारखं. दोन्ही हात पुढे करून कीबोर्डवर ठेवल्यासारखं, कारण पाठीत कपडा कमी असेल तर तो तेव्हाच ताणतो. मग बसा. स्टूल नसेल तर बाहेर येऊन दुकानातल्या खुर्चीवर बसा. बसल्यावर मागून पँट किती खाली सरकते आणि कंबरेशी किती फट पडते ते हाताने चाचपा. स्कूटीवर बसणार असाल तर पाय फाकून बसून बघा. घरी जमिनीवर बसून जेवत असाल तर मांडी घाला. कुर्तीचे कट कंबरेपर्यंत येत असतील तर बसल्यावर त्यांची टोकं ताणतात आणि पहिल्यांदा तिथेच उसवतं. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. संकोच वाटायचं कारण नाही, दार बंद आहे.

आतले कपडे रोज जे घालता तेच घालून या. वेगळ्या ब्राने छातीचं माप पाऊण-एक इंचाने सहज बदलतं. हातात बांगड्या भरत असाल तर बांगड्यांसकट बाही घालून बघा. नव्या नवऱ्या हिरव्या चुड्यासकट येतात, तो काढून ठेवून बाही घालतात आणि घरी गेल्यावर बाही चुड्यावरून जात नाही. उंची बघताना रोजचीच चप्पल हवी. आणि शक्यतो जेवल्यानंतर या. उपाशीपोटी बसलेली जीन्स दुपारच्या डब्यानंतर काचते.

रंग आणि कापडाचा विरळपणा आत कळत नाही. ट्यूबलाईटखाली काळा आणि गडद निळा सारखेच दिसतात. आपल्याकडच्या जुन्या बायका साडीचा पदर घेऊन दुकानाच्या पायरीवर येतात आणि उजेडात बघतात, ती पद्धत अगदी बरोबर आहे. कुर्तीही तशीच बघा. फिकट रंग असेल तर आतून तळहात घाला आणि उन्हाकडे धरा. हाताच्या रेषा दिसल्या तर अस्तर लावावं लागेल. ट्रायल रूममध्ये दिवा बहुतेक वेळा समोर किंवा डोक्यावर असतो. स्टँडवर ऊन पाठीमागून येतं आणि सगळं आरपार दिसतं. आरसा भिंतीला टेकवून तिरका ठेवला असेल तर त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका. तिरप्या आरशात उंची-जाडीचा अंदाज चुकतो.

आज बसलेला कपडा धुतल्यावर बसेल का, हेही घालून बघतानाच ठरवायचं असतं. कॉटन आटतं. आधी प्रक्रिया करून आटवलेलं कापड कमी आटतं, साधं कापड ३ ते ५ टक्के, कधी त्याहून जास्त. ४४ इंची कुर्ती ५ टक्के आटली तर दोन इंचांहून जास्त आखूड होते. गुडघ्याखाली असलेला काठ गुडघ्यावर येतो. सध्या बाजारात रेयॉनच्या कुर्त्या भरपूर आहेत. हाताला मऊ, अंगावर छान पडतात, पण आटण्यात त्या कॉटनच्याही पुढे असतात आणि ओल्या असताना त्यांचा धागा कमजोर होतो. रेयॉनची कुर्ती उंचीला दोन इंच जास्त घ्या आणि पिळू नका. कॉटनच्या पँटची उंची पहिल्याच दिवशी कापून घेऊ नका. दोनदा धुवा आणि मग आणा. आम्ही हे प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो तरी निम्मे लोक "आत्ताच करून द्या, उद्या घालायचीय" म्हणतात. लायक्रा, म्हणजे ताणणारा धागा, असलेली जीन्स उलट वागते. दिवसभर घातली की कंबरेला अर्धा-एक इंच सैल पडते, म्हणून ती दुकानात जरा घट्टच हवी. इतकी की बटण लावताना श्वास रोखावा लागत नाही, पण पट्ट्याशिवाय खाली सरकतही नाही.

नवा कपडा घरी नेल्यावर एकदा धुऊनच घाला. तो कडक आणि चकचकीत राहावा म्हणून लावलेली रसायनं असतात, जादा रंग असतो, आणि तुमच्याआधी तो आणखी चार जणींनी घालून बघितलेला असतो. अंगाला खाज सुटणारी त्वचा असेल तर हे टाळूच नका. आतले कपडे घालून बघायला बहुतेक दुकानं देत नाहीत. तिथे मापाची पट्टीच उपयोगी.

आता कॅमेऱ्याबद्दल. ही भीती उगाच आहे असं मी म्हणणार नाही. आत गेल्यावर आधी कडी लागते का बघा. दाराच्या खाली-वर किती फट आहे, छत मोकळं आहे का, हुक, स्क्रू, स्मोक डिटेक्टरसारखं काही विनाकारण बसवलंय का, हे नजरेखालून घाला. आरशावर नख टेकवून बघायची जी युक्ती फिरते ती भरवशाची नाही. त्यापेक्षा मोबाईलचा टॉर्च आरशाला टेकवा, डोळ्यांभोवती तळहात धरून काचेला डोळे लावा. पलीकडे जागा असेल तर दिसते. मनाला पटलं नाही तर कपडे तिथेच ठेवून बाहेर या, कोणाला कारण सांगायची गरज नाही. सोबत आई किंवा मैत्रीण असेल तर ती दाराशी उभी राहू दे. बाईचं असं चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा सिद्ध झाला तरी किमान एक वर्षाची आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. काही आढळलं तर वस्तूला हात न लावता, दुकानदाराशी वाद न घालता आधी ११२ला फोन करा. वाद सुरू झाला की वस्तू गायब होते.

संकोचाबद्दल काउंटरच्या आतल्या बाजूने सांगते. तुम्ही सहा कपडे घालून बघितले आणि एकही घेतला नाही, तरी त्यात तुमचं काही चुकत नाही. घड्या घालणं हे आमचं काम होतं आणि त्याचाच पगार होता. आम्हाला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टींचा. हळदी-कुंकवाच्या दिवसांत कपाळावरचं ओलं कुंकू पांढऱ्या गळ्याला लागायचं. लिपस्टिक लागायची. मंगळसूत्राच्या वाट्या जॉर्जेटला अडकून धागा ओढला जायचा आणि तो पीस कायमचा पडून राहायचा. मालक त्याचा हिशेब काउंटरवरच्या मुलींकडे मागायचा. तेव्हा कपडा डोक्यातून घालताना ओढणी किंवा रुमाल चेहऱ्यावर धरा, गळ्यातलं आत टाका, चेन आणि बटणं पूर्ण उघडून मगच घाला, आणि परत देताना सरळ करून द्या. एवढं केलंत तर काउंटरवरची मुलगी तुम्हाला सातवा पीस आपणहून काढून देईल. वेळ मात्र निवडा. दिवाळीच्या आधीचा आठवडा आणि लग्नसराईतले रविवार सोडून, एखाद्या साध्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर या.

लग्नसराईवरून आठवलं म्हणून बस्त्याबद्दल दोन शब्द. दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं गाडी करून येतात, आहेराच्या साड्या, शर्टपीस, मानपानाचं सगळं एका दिवसात उरकतात आणि त्याच गडबडीत नवऱ्या मुलाची शेरवानी आणि करवल्यांचे घागरे अंदाजाने उचलतात. मग लग्नाच्या आदल्या दोन दिवसांत ते सगळं आमच्याकडे येतं. साड्यांचा बस्ता खुशाल एकत्र बांधा. अंगाला बसवायचं जे काही आहे त्यासाठी वेगळा दिवस काढा आणि ज्याचं त्याला घेऊन या. लहान मुलांनाही. मुलं वाढत्या अंगाची म्हणून दोन साईज मोठं घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. शाळेत जाणारं मूल साधारण वर्षाला ५-६ सेंटीमीटर वाढतं, म्हणजे दोन-सव्वादोन इंच. तेवढी उंची जास्त घ्या आणि आत दुमडून टीप मारून घ्या, पुढच्या वर्षी सोडता येते. पण खांदा आजच्या मापाचाच हवा.

"ट्रायल नाही, बदली नाही" अशी पाटी असलेल्या दुकानाचं काय, असंही तुम्ही विचारलंय. कायदा काय म्हणतो ते समजून घ्या. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विकलेला माल सदोष निघाला आणि दुकानदाराने बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, तो परत घ्यायला नकार दिला, तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं बिलावर छापलं म्हणून हा हक्क जात नाही. पण शब्द 'सदोष' असा आहे. शिलाई उसवलेली, रंग गेलेला, कापडात भोक, हे दोष. कपडा चांगला आहे पण तुमच्या खांद्याला बसत नाही, हा कपड्याचा दोष नाही. तिथे बदली द्यायची की नाही हे दुकानदाराच्या मर्जीवर आहे. म्हणून ट्रायल दिली नाही तर बदलीची मुदत विचारा आणि ती बिलावर लिहून घ्या. दोन्हीला नकार असेल तर शिवलेले कपडे तिथून घेऊ नका, ओढणी नाहीतर साडी घ्या. सदोष मालाबाबत कोणी दाद दिली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे आणि सांगलीत जिल्हा ग्राहक आयोगही आहे. बिल मात्र जपून ठेवा.

आता वडील. त्यांना ट्रायल रूममध्ये ढकलू नका. आयुष्यभर शिंप्याकडे माप देऊन कपडे घातलेल्या माणसाला तीन फुटांच्या खोलीत कपडे बदलायला सांगणं त्यांना अवघड जातं आणि ते समजण्यासारखं आहे. त्यांचा अंगाला सगळ्यात चांगला बसणारा शर्ट आणि पँट पिशवीत घालून आणा. दुकानात टेबलावर नवा शर्ट पसरा, बटणं लावा, त्यावर जुना ठेवा. काखेपासून काखेपर्यंत, खांद्याच्या शिलाईपासून शिलाईपर्यंत, कॉलरच्या बटणापासून काजापर्यंत जुळवा. जुना शर्ट धुऊन आटून झालेला आहे, त्यामुळे नवा उंचीला इंचभर आणि कॉलरला पाव-अर्धा इंच जास्त हवा. पँटला कंबर आडवी मोजून दुप्पट करा, आसन पुढून आणि मागून वेगवेगळं मोजा, मग मांडी. मागचं आसन विसरू नका. वडील भजनाला किंवा पंगतीला मांडी घालून बसत असतील तर ताण तिथेच येतो. सध्याच्या तरुणांच्या पँटचं आसन आखूड असतं, त्यामुळे कंबरेचा आकडा तोच असूनही त्यांना बसल्यावर ती खुपते. सेल्समनला 'रेग्युलर फिट' मागा, 'स्लिम' नको.

एवढं करूनही शंका राहिली तर घेताना आठ दिवसांची बदली बिलावर लिहून घ्या. घरी सकाळी आंघोळीनंतर त्यांना घालायला द्या, जमिनीवर बसून उठायला सांगा, कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं जातात का बघा. टॅग काढायचा नाही, इस्त्री करायची नाही, पँटची उंची अजून कापायची नाही. नाही बसलं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही सांगलीला येणारच आहात, येताना पिशवीत टाका आणि सुटल्यावर बदलून घ्या.